ऐकीवचा रकाना

बिंदुमाधव गळतगेकर या माणसाबद्दल आमच्या ऑफिसात दोन मतं होती. एक, हा म्हातारा वेडा आहे. दुसरं, हा म्हातारा वेडा आहे पण कामाचा आहे. मी दुसऱ्या गटात होते आणि त्यांची टीम लीड असल्यामुळे माझंच मत चालायचं.

व्हाइटफील्डला आमची कंपनी भाषांचा माल पुरवते. मोठ्या कंपन्यांना बोलणारी यंत्रं बनवायला निरनिराळ्या भाषांतली वाक्यं लागतात, ती तपासून आणि खुणा करून आम्ही देतो. हिंदी-तमिळची माणसं पोत्याने मिळतात. तीन वर्षांपूर्वी मात्र एका गिऱ्हाइकाने बास्क आणि केचुआ या भाषा मागितल्या. बास्क ही स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरांतली, केचुआ पेरू-बोलिव्हियाकडच्या पहाडांतली. वाक्यं तिकडची माणसं लिहून पाठवणार. दोन्ही शेजारी ठेवून कुठे काय जुळतं आणि कुठे काय निसटतं, ते आम्ही बघायचं आणि इंग्रजी भाषांतर करायचं. आमचा मॅनेजर प्रणीत याने जाहिरात दिली तेव्हा आम्ही सगळे हसलो. बंगळुरात बास्क येणारा कोण मिळणार? एकच अर्ज आला. राजाजीनगर, वय छप्पन्न, अनुभव: मुद्रितशोधन, बत्तीस वर्षं.

बिंदुअण्णा मूळचे निपाणीजवळच्या गळतग्याचे. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही सारखीच. बाविसाव्या वर्षी राजाजीनगरच्या एका छापखान्यात लागले. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, देवळांच्या पावत्या, लग्नपत्रिका, जे येईल ते चार लिप्यांत तपासायचे. एकदा कुठल्याशा ख्रिस्ती मठाच्या ग्रंथालयातून रद्दीचे गठ्ठे आले. त्यात बास्कचं एक व्याकरण होतं आणि कुणा पाद्र्याने केलेला केचुआ शब्दसंग्रह होता. दोन्ही स्पॅनिशमधून. माणसाने काय करावं? पुस्तकं बाजूला ठेवून द्यावीत. अण्णांनी आधी स्पॅनिश शिकून घेतली. मग सव्वीस वर्षं वह्या भरल्या, डाव्या पानावर बास्क आणि उजव्या पानावर केचुआ. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई अधूनमधून विचारायच्या, "ह्याचा उपयोग काय?" "काही नाही," असं ते फार खुशीत सांगायचे. टाळेबंदीत छापखाना बंद पडला तो पडलाच. पुढची दोन वर्षं ते घरी बसून होते आणि मग आमची जाहिरात निघाली.

मुलाखतीला मी होते. प्रणीतने कुठेतरी वाचलं होतं की या दोन भाषा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, कारण दोन्ही शब्दाला शेपटं चिकटवत जातात. त्याने तसं विचारलं आणि अण्णा उखडले.

"चिकटवतात म्हणून नातं? बास्कमध्ये एचे म्हणजे घर आणि एचेतिक म्हणजे घरातून. केचुआत वासि म्हणजे घर, वासिमान्ता म्हणजे घरातून. आणि तुमच्या गेटवरचा चहावाला मनेयिंद म्हणतो, म्हणजे तोही घरातूनच. मग काय चहावाला बास्क झाला? सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं!"

प्रणीत गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. अण्णा थोडे निवले. "नातं नाही, पण ओळख निघते. बास्कमध्ये काम करणाऱ्याला क लागतो, आपण खाल्लं म्हणताना ने लावतो तसा. केचुआत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं, अगदी मराठीसारखं. बास्कला तो भेद ठाऊक नाही, आपल्या कन्नडलाही नाही. हे बघायला मजा येते, एवढंच. त्यावरून कुणाची सोयरीक लावायची नसते."

त्यांचा खरा जीव मात्र एका छोट्या शब्दावर होता: म्हणे. पाऊस पडला म्हणे. तो गेला म्हणे. स्वतः न पाहिलेली, कानावर आलेली गोष्ट सांगताना आपण लावतो तो. बास्कमध्ये त्यासाठी ओमेन आहे. केचुआत सी आहे. कन्नडमध्ये अंते आहे. "चार भाषा," अण्णा बोटांवर मोजत सांगायचे, "आणि चौघींना एकच लाज. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नये." इंग्रजीला ही लाज नाही, तिथे त्यासाठी लांबलचक वळसा घ्यावा लागतो, असं ते नेहमी म्हणायचे आणि म्हणताना माझ्याकडे रोखून बघायचे, जसं काही इंग्रजी मीच काढली होती.

या शब्दापायीच त्यांची शिवलीलाशी गट्टी जमली. शिवलीला आमच्या मजल्यावर साफसफाईला होती, एका एजन्सीमार्फत. बीदरकडच्या भालकीची, चाळिशीची बाई. मराठी बोलणारी मीही होते, पण माझी मराठी पुण्याची आणि अर्धी इंग्रजी; तिच्याशी बोलताना मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. अण्णा मात्र जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत तिच्यासमोर वही उघडून बसायचे. भालकीकडे म्हणेचं म्हणं होतं. कुठे लागतं, कुठे लागत नाही, हे ते तिला विचारत आणि ती डबा खाता खाता सांगे. "सासू मेली म्हणं असं म्या म्हणंल का? माझ्या म्होरं मेली की ती!" आणि मग दोघं हसत.

आता रकान्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिघडलं आणि तो रकाना अण्णांना मी शिकवला.

पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकाची तक्रार आली. अण्णा इंग्रजी भाषांतरात जागोजागी "असं म्हणतात की" लिहीत होते. गिऱ्हाइकाला इंग्रजी सरळ हवी होती. मी त्यांना बोलावलं. "अण्णा, गाइडलाइन क्लिअर आहे. पूल पडला म्हणे असेल तर इंग्रजीत नुसतं पूल पडला असं लिहायचं. शेजारी ऐकीवचा रकाना आहे, तिथे टिक करायची."

"म्हणजे शब्द वाक्यातून सोडवून शेजारी बांधून ठेवायचा?"

"हो. प्लीज."

"आणि वाक्य एकटंच कुठे गेलं तर?"

"ते कुठे जाणार? एकाच शीटमध्ये तर असतं ना सगळं," असं मी म्हणाले. कपाळ माझं!

ते महिनाभर कुरकुरले आणि मग सरावले. तीन वर्षांत त्यांनी चाळीस हजारांवर वाक्यं केली. इंग्रजी सरळ आणि शेजारी टिक, इतकं बिनचूक की मी नव्या मुलांना त्यांची शीट नमुना म्हणून दाखवायचे.

या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी हार्ड डिस्क हरवली. केचुआ बोलणाऱ्या एका गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याची साठ तासांची रेकॉर्डिंग्ज तीत होती. गिऱ्हाइकाने ती नेटवरून न पाठवता हातोहात दिली होती आणि दुसरी प्रत करायचं काम आमच्याकडे रेंगाळलं होतं. त्यातली दोन माणसं तोवर वारलीही होती. अण्णा रोज सकाळी हेडफोन लावून त्या म्हाताऱ्यांना ऐकत. त्या दिवशी कपाट उघडलं तर डिस्क नाही. ते खोलीभर फिरत राहिले, टेबलांखाली वाकून बघू लागले. मी म्हटलं, खाली जाऊन चहा घेऊन या.

खाली गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने त्यांना गाठलं आणि शिवलीलाचं नाव घेऊन हळूच सांगितलं, "सार, आयम्मा ब्यागल्लि इट्कोंड्ळंते." म्हणजे त्या बाईने पिशवीत ठेवून घेतली म्हणे. तो अंते अण्णांच्या कानांनी बरोबर टिपला. अशी चूक त्यांचे कान करणारच नाहीत.

ते वर आले तोवर सगळ्यांना एक फॉर्म आला होता. इंग्रजीतून, आणि त्यात एकच चौकट: या घटनेबद्दल तुम्हाला जे माहीत असेल ते एका वाक्यात लिहा. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या लिहिलं: शिवलीलाने डिस्क आपल्या पिशवीत ठेवली. सरळ, स्वच्छ इंग्रजी, आमच्या गाइडलाइनप्रमाणे. शेजारी टिक करायला रकाना नव्हता. त्यांनी खाली नाव घातलं आणि फॉर्म पाठवून दिला.

ध चा मा करायला निदान कुणाला तरी मुद्दाम हातात बोरू घ्यावा लागतो. इथे कुणाच्या मनात पाप नव्हतं. तीन वर्षांच्या सवयीने एक शब्द गळला आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली झाली.

सिक्युरिटीवाल्याने आणखी दोघातिघांच्या कानांत तेच घातलं होतं, पण त्याला विचारलं तेव्हा तो साफ उलटला. "ना हेळिल्ल सार," मी बोललोच नाही. त्यामुळे अख्ख्या चौकशीत पाहिलं म्हणणारा एकच माणूस उरला, तोही पांढऱ्या केसांचा आणि तिच्याशी रोज गप्पा मारणारा. याहून पक्का साक्षीदार कुठे मिळायचा? शिवलीलाची पिशवी उपसली, त्यात डबा आणि साडी निघाली. डिस्क तिने आधीच बाहेर दिली असणार, असं प्रणीत म्हणाला. चारच्या आत तिला काढलं. एजन्सीने तिचा फोटो आसपासच्या सगळ्या इमारतींच्या सिक्युरिटीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, चोरी, आत सोडू नका.

अण्णांना यातलं काही कळलं नव्हतं. ते हेडफोन लावून बास्कच्या कामात डोकं घालून बसले होते. संध्याकाळी मेट्रोकडे निघाले तर गेटबाहेर शिवलीला उभी होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने एवढंच विचारलं:

"अण्णा, तुमी बघितलं म्हणं?"

त्यांनी मला स्टेशनवरून फोन केला. मला आधी वाटलं त्यांना छातीत दुखतंय, असा आवाज होता. "मुग्धा, तिने म्हणं लावलं. तिला कुणीतरी सांगितलं की मी बघितलं, तर तिने त्याला म्हणं लावून मला विचारलं. आणि मी तिच्याबद्दल लिहिताना ते लावलं नाही. माझं काय झालं गं?"

मी त्यांचा फॉर्म उघडून बघितला. ते वाक्य मी शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रणीतकडे गेले. मी सोबत होते. अण्णांनी नीट सांगितलं: मी पाहिलं नाही, ऐकलं, माझं वाक्य चुकलं.

"सर, वाक्य काही चुकलेलं नाहीये," प्रणीत म्हणाला. "तुम्ही साइन केलंय. क्लायंटला रिपोर्ट गेलाय. आता तुम्ही बदललंत तर खोटं स्टेटमेंट दिलं असं होईल. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल अठ्ठावीसला आहे ना? कशाला उगाच?"

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, मी लेखी देतो. तेव्हा मी त्यांना म्हणाले, "अण्णा, थांबा. रिन्यूअल होऊ दे, मग द्या. तुम्हीच इथे नसाल तर तिच्या बाजूने बोलणार कोण?" किती शहाणपणाचं वाटलं होतं मला ते! आणि अण्णा थांबले.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण लपवणारही नाही. पगारासाठी ते थांबले नाहीत. घर स्वतःचं होतं, मुलगी नोकरीला होती. ते थांबले कारण सव्वीस वर्षांच्या वह्यांना या जगात एकच जागा मिळाली होती आणि ती आमच्या चौथ्या मजल्यावर होती. एकोणसाठाव्या वर्षी बाहेर पडल्यावर ओमेन आणि सीमधला फरक त्यांना कोण विचारणार होतं? एका बाईचं नाव आणि स्वतःच्या आवडीचं काम, यांत त्यांनी अकरा दिवस काम निवडलं. माझ्या सांगण्यावरून निवडलं असलं तरी निवडलं त्यांनीच.

त्या अकरा दिवसांत त्यांनी तिला तीनदा फोन केला. तिने एकदाच उचलला. "आपण बघू काहीतरी," असं ते म्हणाले. "आमचं आमी बघताव," असं म्हणून तिने ठेवला.

एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "फरक कळला मला," ते म्हणाले. "दोन्ही भाषांत ऐकीवाला शब्द आहे, इथवर मी लिहून ठेवलं होतं. पण बास्कमध्ये ओमेन गाळला तरी कुणी अडवत नाही, वाक्य निमूट पुढे जातं. केचुआत तसं नाही. तिथे मी पाहिलं याचंही शेपूट वेगळं आहे. ऐकलं, पाहिलं की नुसता अंदाज, हे बोलणाऱ्याला घडोघडी सांगावं लागतं. मी केचुआत लिहीत असतो तर माझा हात अडला असता. मराठी मात्र बास्कच्या बाजूची निघाली बघ. म्हणे गाळूनही चालतं."

"अण्णा, जेवलात का?" मी विचारलं. ते जेवले नव्हते.

अठ्ठावीसला रिन्यूअलवर सही झाली. अण्णांनी त्याच तासाला लेखी निवेदन दिलं: मी काहीही पाहिलेलं नाही. ते प्रणीतने ठेवून घेतलं आणि पुढे पाठवलंच नाही. आणखी आठ दिवसांनी डिस्क सापडली. प्रणीतच्या गाडीच्या डिकीत, जिमच्या बॅगेखाली. घरी प्रत करायला म्हणून त्यानेच नेली होती आणि विसरला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरीच झाली नव्हती.

ऑफिसात कुणी आवाज केला नाही. डिस्क कपाटात परत आली आणि म्हातारे पुन्हा बोलू लागले. अण्णांनी हेडफोन लावला नाही. ते प्रणीतच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले आणि शिवलीलासाठी पत्र मागितलं. पत्र दिल्याशिवाय मी इथून हलत नाही, असं म्हणाले. ते दोन तास खरंच उभे राहिले. शेवटी कंपनीच्या कागदावर इंग्रजीत चार ओळी मिळाल्या. त्या घेऊन त्यांनी स्वतःचा राजीनामा टेबलावर ठेवला. मी राजीनामा दिला नाही. माझी नोकरी अजून आहे, ऐकीवचा रकानाही आहे.

रविवारी आम्ही दोघं कडुगोडीला गेलो. शिवलीला बहिणीच्या घरात एका खोलीत राहत होती. जवळच्या एका पीजी वसतिगृहात ती भांडी घासायला जायची, कारण तिथे सिक्युरिटीवाला नव्हता आणि त्यामुळे फोटोही पोचला नव्हता. महिन्याभरात बाई अर्धी झाली होती. तिने आम्हाला बसायला चटई टाकली, पाणी दिलं. "सात बिल्डिंगी फिरले," ती म्हणाली. "गेटावर फोन काढून बघतेत, मग माझ्या तोंडाकडं बघतेत. हितल्या बाया बी आता दार वढून घेतेत. भनीचा नवरा म्हंतो, किती दिस ठेवायचं?"

अण्णांनी हात जोडले. डिस्क प्रणीतच्याच गाडीत सापडली आणि आपण काही पाहिलं नव्हतं, हे सांगितलं. मग त्यांनी पत्र पुढे केलं.

ते हातात घेऊन तिने उलटसुलट बघितलं. वरचा कंपनीचा शिक्का तिला ओळखता आला. तिचा चेहरा जरा उजळला, तो मी पाहिला. "ह्ये दावलं की काम मिळंल न्हवं? काय लिवलंय? वाचा की."

अण्णांनी चष्मा लावला. मी बाजूला बसले होते. त्या चार ओळी मला पाठ होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "सांगून टाका ना अण्णा, तिने घेतलं नाही असं लिहिलंय म्हणून. तिला कुठे वाचता येतंय?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"यात लिहिलंय," ते सावकाश म्हणाले, "की चौकशी संपवली आहे. आणि पक्का पुरावा मिळालेला नाही."

"म्हंजे म्या घेतलं न्हाई, असं लिवलंय?"

"नाही. तसं लिहिलेलं नाही. पुरावा मिळाला नाही, एवढंच लिहिलंय."

"डिस्क सायबाच्याच गाडीत घावली, ते?"

"ते लिहिलेलं नाही."

"आन् तुमी बघितलं नव्हतं, ते?"

"तेही नाही, शिवलीला."

तिने पत्राची घडी घातली आणि ते अण्णांच्या मांडीवर ठेवलं. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत होता. तिने अण्णांकडे बघितलं, रागाने नाही, नुसतंच.

"आत्ता किती बारीक बघून सांगायलात अण्णा," ती म्हणाली. "एकेक शब्द. त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

अण्णांनी चष्मा काढला, पण तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. तिने आमचे पाण्याचे पेले उचलले आणि ती भांडी घासायला जायची वेळ झाली म्हणून उठली.